लोकं की माल

आमच्या जिशानला नोकरी नाही, पण गाड्या ढीगभर आहेत. सगळ्या कॉम्प्युटरवर. वाहतुकीच्या एका गेमसाठी तो गाड्या बनवतो आणि जगाला फुकट वाटतो. मी धाकटी बहीण, त्याला शेठ म्हणते.

परवा त्याने अब्बांची पिकअप बनवली. हुबेहूब, फाळक्यावरच्या हिरव्या पट्टीसकट. खरी पिकअप दोन वर्षांपूर्वी अब्बा चालवत असताना जिवतीच्या घाटात उलटली. बाजाराला निघालेल्या बाया आपापल्या सोयाबीनच्या पोत्यांवर बसल्या होत्या. कमळाबाई जागीच गेली. विमा कंपनीने कळवलं, गाडी मालवाहू आहे, तिच्यात माणसं धरता येत नाहीत, भरपाई मिळणार नाही. कमळाबाईचा नवरा वारलूभाऊ तो कागद अब्बांना दाखवून गेला. तेव्हापासून अब्बांचं बोलणं जवळजवळ बंदच झालं.

गेममध्ये एका गाडीला एकच प्रकार लावता येतो. प्रवासी, कोळसा, दूध, असं काहीतरी. जिशानने 'माल' निवडलं, तेवढ्यात मागून अब्बा म्हणाले, "लोकं लिही."

"अब्बा, ते मालाची गाडी हाय. सीटा नाई तिच्यात."

"लोकं होते तिच्यात, जिशान. कुठी तरी लिहून ठेव."

त्याने लिहिलं. गाडी जिवतीच्या थांब्यावर लागली, माणसं चढली, पोती खाली राहिली. आता अब्बांना बरं वाटेल, असं मला वाटलं. मूर्खच मी.

"पोतं सोडून कोण बाई बाजारले जाते?" ते म्हणाले. "हे आपली गाडी नाई."

जिशानने पुन्हा माल लावला. पोती चढली आणि माणसं थांब्यावर उभी राहिली. गाडी घाट उतरून चंद्रपूरला सुखरूप पोचली. अब्बांनी खुर्ची ओढली, ती फेरी पाहिली, मग पुढचीही पाहिली. थांब्यावरची गर्दी वाढत होती.

"गेममध्ये लोकायले कोणी नेलं नाई तं गाव ओस पडते," जिशान म्हणाला. "या लोकायसाठी बस टाकू का, अब्बा?"

"नोको."

अब्बांनी पडद्यावर, त्या उभ्या माणसांवर बोट ठेवलं.

"पोतं दे माह्याजवळ, मी पोचवतो," ते हळूच म्हणाले. "तू नोको बसू, कमळाबाई."