संशयी फ्यूज आणि जाड दोरा

मी एक जुना फ्यूज आहे. जुना आणि जळालेला. माझ्या पाठीवर दहाचा आकडा आहे, पोटातली पट्टी तुटलेली आहे, आणि स्वभाव म्हणाल तर पहिल्यापासून संशयी. हसू नका मित्रांनो, संशय घेण्यासाठीच माझा जन्म झाला. तारेतून झेपेल त्याहून जास्त वीज जाऊ लागली की आपण तुटायचं आणि तार वाचवायची, एवढं एकच काम कारखान्यात मला शिकवलं.

एका मिस्त्रीने मला मोटरसायकलच्या सीटखाली, बॅटरीला लागून बसवलं. माझ्यातून निघालेली बारीक तार टाकीखालून हँडलजवळच्या सॉकेटकडे गेली. "ताई, यावर दहाच्या आतच भार टाका," मिस्त्री म्हणाला. शेजारी उभ्या ताईंच्या नवऱ्याने घाईघाईने मान हलवली. त्या मान हलवण्यावर माझा तेव्हाच विश्वास बसला नाही.

ताई नर्स. घरोघरी जाऊन आजारी माणसांना इंजेक्शन देत, सलाईन लावत. थंडीत गाडी चालवून त्यांची बोटं बधिर होत आणि रुग्णाची शीर सापडत नसे. एकदा एका म्हातारबांना पुन्हा पुन्हा सुई टोचावी लागली, त्या दिवशी ताई घरी येऊन रडल्या. नवरा शिंपी, बायकोवर फार जीव. त्याने विजेवर गरम होणारे हातमोजे आणून सॉकेटला जोडले. आता सुई पहिल्याच प्रयत्नात बसू लागली. ताई येता-जाता सॉकेटचं कौतुक करत. माझं नाव कोणी घेत नसे, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

मग फोनचा चार्जर आला. मग धुक्यासाठी जादा दिवा आला, आणि एका सॉकेटला चार तोंडं फोडणारा एक जोडही आला. माझ्या मनात पाल चुकचुकली. प्रत्येक वस्तू किती वीज ओढते ते तिच्या अंगावर लिहिलेलं असतं, पण बायकोसाठी हौसेने आणलेल्या वस्तूवरचे आकडे वाचतो कोण?

"अरे, आता तुझी इस्त्रीही लाव तिथं, म्हणजे दुकान गाडीवरच मांडता येईल," सासूबाई म्हणाल्या. तो हसला. मला हसू आलं नाही.

शेवटी त्याने ताईंच्या जाकिटाच्या अस्तरात गरम होणाऱ्या पट्ट्या शिवल्या. शिवण सुरेख होती, पण ते जाकीट एकटंच माझी बरीचशी ताकद खाणार होतं. एका गारठलेल्या सकाळी ताईंनी हातमोजे, चार्जर, दिवा, जाकीट सगळं एकदम चालू केलं. दहाची मर्यादा केव्हाच ओलांडली गेली. मी काही क्षण कळ काढली आणि तुटलो. ताई गार हातांनी रुग्णाकडे गेल्या.

मला वाटलं, निदान आता तरी कोणी विचारेल, हा का तुटला? छे! चोर सोडून संन्याशाला फाशी.

"ऐन वेळी दगा देतं हे तकलादू," नवरा म्हणाला. "ओढ बसते तिथं जाड दोरा घालायचा, झालं."

त्याने माझ्या जागी तीसचा फ्यूज बसवला आणि मला सीटखालच्याच हत्यारांच्या पिशवीत टाकलं. तार मात्र तीच, बारीक.

दुसऱ्या दिवशी गाडी निघाली. थोड्याच वेळात सीटखाली ऊब जाणवू लागली, मग वास. मी नव्या फ्यूजला म्हणालो, "अरे, तार तापतेय." तो म्हणाला, "मला तर काही जाणवत नाही." त्याला जाणवत नव्हतं, याचाच मला घोर लागला. तारेवरचं आवरण मऊ पडत होतं आणि वर पेट्रोलची टाकी होती. मी तुटून गेलेला, करणार काय? आयुष्यात एवढा मी कधी घाबरलो नव्हतो.

वास ताईंच्या नाकात गेला म्हणून निभावलं. त्यांनी गाडी बंद केली, सगळे प्लग उपटले, सीट उचलली. तारेचं आवरण वितळून सांगाड्याला चिकटलं होतं. त्यांनी गाडी ढकलत घरी आणली. ती तार आणि मला नवऱ्याच्या शिलाई मशीनवर ठेवलं.

"अहो, पातळ कापडाला जाड दोरा घातला तर काय होतं?"

"शिवण टिकते, कापड फाटतं." बोलता बोलता त्याचा पाय पायट्यावरच थांबला.

"मग शिवण कशी हवी?"

"ओढ बसली तर आधी उसवेल अशी. शिवण पुन्हा घालता येते."

"तुमच्या मायेनं आज जळून मेले असते मी."

तो ताईंची गार बोटं दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ चोळत राहिला.

आता गाडीला नवी तार आहे आणि नवा, दहाचाच फ्यूज आहे. जाकिटातल्या पट्ट्या त्याने स्वतःच्या हाताने उसवल्या आणि आत कापूस भरला. सीटच्या आतल्या बाजूला त्याने एक छोटा खिसा शिवलाय. त्यात मी असतो आणि माझ्याशेजारी आकडा जुळवून घेतलेला एक जादा फ्यूज.

परवा तो पुन्हा एक खोकं काखेत घेऊन गाडीपाशी आला. मी श्वास रोखला. त्याने चष्मा चढवला, खोक्यावरचा आकडा वाचला, मला खिशातून काढून माझाही वाचला, सगळ्याची बेरीज केली आणि खोकं आणलं त्या दुकानात परत नेलं. मित्रांनो, फ्यूज उडाला तर त्याला नावं ठेवू नका. तो कुणासाठी तुटला, ते आधी बघा. आणि मोठा फ्यूज टाकायचा मोह झालाच, तर माझ्या पोटातली ही तुटलेली पट्टी आठवा. ती तुटली त्या दिवशी ताईंचे फक्त हात गारठले होते.