खांद्यावरची चार बोटं

"बाबा, फोटोतून कापलेली माणसं जातात कुठं?"

हा प्रश्न आमच्या दामिनीच्या मनातला नव्हता. मैत्रिणींनी पैज लावून तो तिच्या गळ्यात घातला होता. जया आणि संजीवनी स्टुडिओच्या दाराआड उभ्या राहून ओढणीत तोंड खुपसून हसत होत्या. दामिनीचा बाप ज्याला फोटोतून कापतो तो वर्षाच्या आत मरतो, अशी शाळेत कुजबुज होती. "विचारून दाखव, मग तू खरी!" असं त्या म्हणाल्या आणि दामिनीनं विचारलंच. यंदा वक्तृत्वात ढाल मिळाल्यापासून ती कुणाला घाबरत नाही.

तिचे बाबा, म्हणजे आमचे मालक सुनिल, यांचा हात माझ्यावर होता.

"कुठं नाय जात गो. मास्कच्या खाली दडून बसतात. ही बघ."

त्यांनी मला हळूहळू सरकवलं. पडद्यावर आधी एका बाईचा पदर उगवला, मग हात, मग हसरं तोंड. दारातल्या दोघी किंचाळत बाजाराच्या दिशेनं पळाल्या. दामिनी पोट धरून हसली. मी मात्र हसलो नाही, कारण ती बाई मला आठवत होती. आदल्या वर्षी आम्ही तिला तिच्या नणंदेच्या फोटोतून कापलं होतं. त्यानंतर ती खरंच वारली होती.

मित्रांनो, मी एक जुना माऊस आहे. उंदीर म्हणा, राग नाही! माझं डावं बटण घासून गुळगुळीत झालंय आणि वायरीला चिकटपट्टी गुंडाळलीय. कुठल्या कारखान्यात माझा जन्म झाला ते मला ठाऊक नाही. डोळे उघडले ते धसईच्या बाजारपेठेत, या स्टुडिओच्या टेबलावर. बाहेर भाताच्या गोणी उतरायच्या, मुरबाडच्या एसटीचा हॉर्न वाजायचा आणि आत आम्ही दोघं माणसं कापत बसायचो.

घाबरू नका, कामच तसं होतं. आमच्याकडे कुणी एकट्यानं फोटो काढून घेत नाही. एकट्याचा फोटो म्हणजे हाराचा फोटो, असं सगळे मानतात. कुणी एकटा उभा राहिलाच, तर शेजारचा धावत येऊन त्याच्या खांद्यावर हात टाकतो. मग माणूस गेला, की घरचे हळदीतला नाही तर पूजेतला फोटो घेऊन येतात. "यातनं आमचा तेवढा वेगळा काढा," म्हणतात.

मालक मला धरून त्या माणसाच्या कडेकडेनं जायचे. कानाची पाळी, टोपीची घडी, कपाळावरची उडालेली बट, सगळीकडे टिचक्या देत. बाकीच्यांवर मास्क चढायचा. मास्क म्हणजे काळं पांघरूण. काळं फिरवलं की माणूस दडतो, पांढरं फिरवलं की परत येतो. तो पुसला जात नाही. "या माऊसला माणसाची कड कळते," असं मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, तेव्हा मी फुगून बसायचो.

मग सॉफ्टवेअर बदललं.

त्या सकाळी मालक पडद्यासमोर हरवल्यासारखे बसले होते. "माझं टूल कुठं नेलं यांनी? सगळी जागा बदलली!" दामिनीनं दप्तर फेकलं आणि खुर्ची ओढली. "सरका बाबा. आता कडेकडेनं जायची गरजच नाय. इथं दाबायचं, ते आपोआप माणूस शोधतं. इथं दाबलं की बाकीचे गायब. आणि मागं भोक पडतं ना, तेपण तेच भरतं!"

एका दाबात झालं. "पोरगी हुशार निघाली," मालक म्हणाले.

दामिनीनं चमचमता बिनवायरीचा माऊस आणला. मला वायरीनं खिळ्याला टांगलं गेलं, तयार फ्रेमांच्या शेजारी. तिथून मला ते दिसायला लागलं. जे अंग दुसऱ्याच्या आड गेलेलं असायचं, ते नवं यंत्र स्वतःच्या अंदाजानं घडवायचं. मग वैशाखरेचा म्हातारा असो की सापगावची बाई, कान एकच. गुळगुळीत, बिनभोकाचा, कुणाचाच नसलेला कान. भिंतीवर मेलेल्यांची रांग आणि सगळ्यांना तोच कान. मी ओरडलो असतो, पण माऊसला आवाज कुठला? मी नुसता वाऱ्यानं हलत राहिलो.

एके दिवशी पाड्यावरची ठमीबाई आली. थोरला मुलगा नवसू वीटभट्टीवर कामाला गेला होता, तो तिथंच वारला. नवसूचा फोन तिनं पदरात गुंडाळून आणला होता. त्यात एक फोटो होता. हळदीच्या मांडवात नवसू आणि धाकटा अजय, गालाला गाल लावून.

"आजयला काढ, नवसूला ठेव," ती म्हणाली.

माझी वायर आखडली. अजय जिवंत होता. बाहेर पायरीवर बसून भजी खात होता.

दामिनीनं दाबलं. अजय गेला, त्याच्या जागी पिवळा मांडव उमटला. नवसूला तोच कान आला.

"कान आसा नवता गो त्याचा. भोक होता कानाला," ठमीबाई पुटपुटली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तोंड तर त्याचाच हाय."

एक गोष्ट फक्त मला दिसली. अजयचा हात भावाच्या खांद्यावर होता. यंत्राला ती चार बोटं नवसूचीच वाटली. ती तशीच राहिली.

"मूळ फोटो ठेवलास ना?" मालकांनी विचारलं.

"हो हो!" दामिनी म्हणाली. तिनं त्याच फोटोवर नवा फोटो सेव्ह केला होता. वर आणखी मदत म्हणून म्हणाली, "मावशी, फोन किती भरलाय, अडकतोय सारखा. मोकळा करून देते." आणि तिनं जुने फोटो पुसून तो मोकळा केला.

भावाच्या जागी अजय त्याच भट्टीवर गेला.

भातं कापायला आली तेव्हा ठमीबाई पुन्हा दारात उभी राहिली. पदरात फोन नव्हता, ती फ्रेम होती. भट्टीची भिंत अंगावर पडून अजयही गेला होता.

"त्याच फोटोत हाय ना तो," ती शांतपणे म्हणाली. "आता नवसूला काढ, आजयला ठेव. आधार कारडावर नुसता काळा डाग दिसतो."

दामिनीनं फाइल उघडली. तीत एकटा नवसूच होता. मालकांनी मला खिळ्यावरून काढलं आणि जोडलं. पांढरा ब्रश घेऊन आम्ही त्या पिवळ्या मांडवावर फिरलो. वर, खाली, पुन्हा वर. पदर उगवला नाही, हात उगवला नाही, हसरं तोंड उगवलं नाही. पांघरुणाखाली कुणी नव्हतंच.

"बाबा," दामिनीनं विचारलं, "मग तो गेला कुठं?"

या वेळी दाराआड हसायला कुणी नव्हतं. दामिनी ठमीबाईच्या पायाशी बसली. "मावशी, मी पुसला गो त्याला. मला ठाऊक नवतं."

ठमीबाईनं फ्रेमच्या काचेवरून बोट फिरवलं. मग ते नवसूच्या खांद्यावर थांबलं.

"ही आजयची बोटं. करंगळी वाकडी हाय बघ, झाडावरनं पडलावता." तिनं फ्रेम छातीशी धरली. "ही नको पुसू. आता एकाच फोटोला दोन हार घालीन."

ती पायरी उतरून गेली. तिच्या पावलांचा आवाज बाजारात मिसळला.

मित्रांनो, नव्या यंत्राशी माझं भांडण नाही. ते झपाट्यानं काम करतं, पण कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर आहे हे त्याला कळत नाही. ते तुम्हीच बघायचं असतं. कुणाला दडवायचं असेल तर दडवा, पण पुसू नका. मूळ फोटो जपा. आणि मला खिळ्याला टांगलंत तरी चालेल, पण अधूनमधून माझ्याकडेही बघत जा.

दुपारी दामिनीची आई, कविता, डबा घेऊन आली. दामिनी उठली आणि तिनं कॅमेरा गळ्यात अडकवला. डोळे सुजलेले होते, पण हनुवटी वर होती.

"आई, बाबा, मी ठरवलंय. पाड्यावरची माणसं भट्टीवर निघायच्या आधी मी तिथं जाणार. एकेकाचा फोटो काढणार. एकट्याचा."

"एकट्याचा?" आईच्या हातातला डबा तसाच राहिला. "गो, अभद्र बोलू नको! लोकं दारात उभं करतील का तुला?"

"नाय करणार. म्हणतील, ही मरणाची तयारी करते. म्हणून पहिला फोटो आपल्या घरातला, तोच त्यांना दाखवणार." तिनं भिंतीकडे बोट केलं. "बाबा, तिथं उभे राहा." मालक भिंतीशी उभे राहिले, तशी आईनं डबा ठेवून सवयीनं त्यांच्या खांद्यावर हात टाकला. "आई, तू मागं हो. त्यांच्या खांद्यावरचा हात काढ."