तिरकं पान

विजयसिंहांच्या पत्राला दत्तोबांनी उत्तर दिलं नव्हतं. आषाढात लासुर्ण्याहून आलेलं ते अंतर्देशीय पत्र दिवाळी होऊन गेली तरी शब्दकोशात तसंच होतं. कोश काढला की ते डोकवायचं आणि दत्तोबा कोश पुन्हा मिटायचे.

“दत्तोबा, फोनवर तू नुसतं हूं हूं करतोस, म्हणून लिहितोय. यंदा इंदापूरच्या ब्रिजच्या स्पर्धेला पत्ते घिऊन माझ्यासमोर बसणार का न्हाय? तू नसशील तर मी दुसरा भिडू घेणार न्हाय. माझं काय चुकलं असंल तर तेवढं लिही.”

काय चुकलं, हेच तर लिहिता येत नव्हतं.

बारामतीच्या कॉलेजातलं ग्रंथालय सांभाळून दत्तोबा निवृत्त झाले होते. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्यांच्या हाताला घाम सुटायचा. पण एक गोष्ट त्यांना जमते असं लोक म्हणत, ती म्हणजे उतारी. उतारी म्हणजे डावातलं पहिलं पान. ते टाकताना कुणाचीच पानं उघडी नसतात; आधीच्या बोलीत, म्हणजे किती हात करू हे सांगताना, कोण काय बोललं आणि काय बोललं नाही, यावरूनच अंदाज बांधायचा.

गेल्या वर्षी इंदापूरच्या शेवटच्या डावात त्यांच्या हातात इस्पिकची लांब रांग होती, राजा आणि गुलामासकट. कुणीही इस्पिकच उतरला असता. त्यांनी मात्र बदामाची दश्शी काढली. विजयसिंहांकडं बदामाचा एक्का, राणी, गुलाम निघाले आणि प्रतिस्पर्ध्यांची बिनहुकमी, म्हणजे हुकमाशिवाय खेळायची, बोली एका हातानं बुडाली. टाळ्या झाल्या.

रात्री एसटीत त्यांना आठवलं ते भलतंच. बोलीच्या वेळी विजयसिंहांनी पासचं, म्हणजे ‘बोली नाही’ असं सांगणारं, हिरवं पान टेबलावर ठेवलं, ते तिरकं होतं. मग आधीचे डाव आठवू लागले. तेव्हाही पान कधी सरळ, कधी तिरकं. तिरकं असलं की बदाम, असं होतं का? होतं बहुतेक. म्हणजे हा गडी खुणा करत होता? आणि आपण त्या नकळत वाचत होतो? मग आपली म्हणून जी उतारी, ती कुणाची? इतक्या वर्षांत एक गोष्ट आपली आहे असं वाटलं होतं, तीही नसावी.

यंदा इंदापूरला ते स्वरूपाबरोबर गेले. ती बँकेत नोकरीला, बारामतीच्या पत्त्यांच्या क्लबात नवीन, खेळायला धीट. विजयसिंहांनी नाव दिलंच नव्हतं. मंगल कार्यालयाच्या दारातच रावजी भेटले. इंदापूरचे जुने खेळाडू, जिभेला हाड नसलेले.

“तात्या, भिडू बदलला व्हय? विजयसिंहराव लई चिडायचे का?”

दत्तोबा टेबलाकडं वळले. त्यांना मिळाली ती विजयसिंहांची खुर्ची. स्वरूपा समोर बसली आणि तिच्या पाठीमागं उभा फिरता पंखा घरघरत होता. वारा आला की दत्तोबांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. चष्मा पुसत त्यांनी पानं लावली.

रावजींनी एक बिनहुकूम म्हटलं, त्यांचे भिडू आबाजी थेट तीन बिनहुकमावर गेले. दत्तोबांनी पास ठेवला. पंखा वळला आणि हिरवं पान उडून आबाजींच्या मांडीवर पडलं.

“तात्या, पान सोडून चाललं तुमाला,” आबाजी म्हणाले.

दत्तोबांनी ते उचललं आणि चहाच्या बशीच्या काठाखाली सरकवलं. काठ गोल, पान चौकोनी. ते तिरकंच राहिलं.



उतारी स्वरूपाची होती. तिनं एक पान पालथं ठेवलं, काही विचारायचंय का म्हणून पाहिलं आणि उलटलं. बदाम. दत्तोबांच्या हातात बदामाची दोनच पानं होती, दोन्ही फालतू. रावजींनी बोली आरामात पुरी केली.

“तिरकं पान ठिवून बदाम मागितला, आन् हातात धड बदाम न्हाय!” रावजी टेबलावर थाप मारून हसले. “खूण बी खोटी तुमची तात्या! विजयसिंहराव बी असंच बशीखाली दाबायचे. मी म्हणलं, खुर्ची बदला की, वारं लागतंय. तर म्हणले, ऱ्हाऊ द्या, दत्तोबाच्या डोळ्याला वारं सोसत न्हाय.”

दत्तोबांनी बशीकडं पाहिलं, मग स्वरूपाच्या पाठीमागच्या पंख्याकडं. तिच्या खुर्चीत ते इतकी वर्षं बसत आले होते. तिथं वारा पाठीला लागतो. टेबलावरचं पान हलतही नाही.

“काका, चुकलं ना माझं?” स्वरूपा हळूच म्हणाली.

“बदाम का काढलास?”

“आबाजींनी बोलीत इस्पिक-बदामाची चौकशीच केली नाही, म्हणजे ते रंग त्यांच्याकडं कमीच. इस्पिक माझ्याकडं, पण बाकी पानं इतकी हलकी की इस्पिक मोठे ठरले तरी डाव माझ्याकडं येऊन ते मला खेळायला मिळणार नव्हते. म्हटलं, बदाम तुमच्याकडं असतील.”

गेल्या वर्षी दत्तोबांनीही अगदी हाच विचार केला होता. अगदी याच क्रमानं. आत्ता तो त्यांना शब्दन् शब्द आठवला.

“पान बघून नाही ना काढलास?”

“कुठलं पान?”

“काही नाही. उतारी बरोबर होती तुझी. चांगले बदाम माझ्याकडं नव्हते, एवढंच.”

दुसऱ्या दिवशी बारामतीला त्यांनी कोश उघडला आणि तो मिटला नाही. तीन कागद फाडून चौथ्यावर लिहिलं:

“विजयसिंह, तुझ्या पासच्या पानाचा मला संशय आला होता. तू बदाम सुचवतोस असं वाटलं. काल तुझ्या खुर्चीत बसलो. माझंही पान तिरकंच झालं. पुढं काय ते तू ठरव. बसणार असशील तर वाऱ्यासमोर मी बसेन. दत्तोबा.”

पोस्टाच्या लाल पेटीपाशी ते बराच वेळ उभे राहिले. संशय हा शब्द खोडावा का? ‘गैरसमज’ म्हटलं तर तो कमी दुखावेल. मागून एक बाई म्हणाली, “आजोबा, टाकताय का सरकताय?”

त्यांनी टाकलं.