कॉफीखान्यात घेतलेलं रक्त

अनेस्तिस आमच्या प्रयोगशाळेत आला तो आईनं केलेल्या बकरीच्या चीजचा डबा घेऊन. त्याच्या बहिणीला, स्तामातियाला, रक्ताचा कॅन्सर. पुढच्या आठवड्यात हा तिला आपली अस्थिमज्जा देणार होता. त्याआधी तिची स्वतःची मज्जा औषधांनी मारायची, आणि ती औषधं आजच दुपारी बाराला सुरू व्हायची होती.

"बाई, तुमचे उपकार," तो आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख पोलिक्सेनीबाईंना म्हणाला.

खोटं नव्हतं ते. त्याच्या घराण्यात हा रोग पिढ्यान्‌पिढ्या का फिरतो, ते बाईंनीच शोधलं. एका जीनमधला बिघाड. त्या निबंधानं बाईंचं नाव जगभर झालं. भावाची मज्जा घेण्याआधी त्याच्यात तोच बिघाड नाही ना, हे आता कुठलेही डॉक्टर बाईंचं नाव घेऊन बघतात. अनेस्तिसचा सहा वर्षांपूर्वीचा अहवाल स्वच्छ होता. तेव्हा त्यांच्या गावी जाऊन आम्ही सगळ्या घराण्याचं रक्त घेतलं होतं.

"तुमच्या गावच्या कॉफीखान्यात काय गोंधळ होता त्या दिवशी!" मी आपलं बोलायचं म्हणून बोलले.

"मी कुठं होतो? मी तेव्हा जहाजावर, रॉटरडॅमला."

"मग रक्त कुणी दिलं?"

"काकांच्या अनेस्तिसनं दिलं असेल. आजोबांचं नाव प्रत्येकाच्या थोरल्याला. आमच्या घरी हाक मारली की तिघं वळतात." तो हसला. "का? महिन्यापूर्वी रक्त जुळतं का बघितलं ना माझं? मला वाटलं, त्यातच सगळं आलं."

त्या जुळणीत हा बिघाड दिसत नाही; त्यासाठी सगळ्यांनी आमचा जुना अहवालच धरला होता. त्या दिवशी यादी मी वाचली होती. बापाचं नाव विचारायचं हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही कळतं. पण कुणी ग्लास पुढे करत होतं, कुणी ऑलिव्ह. मी नाव पुकारलं, एका दांडग्यानं बाही वर केली, मी सुई टोचली. तीस वर्षांची नोकरी आणि अक्कल गेली होती चरायला.

घड्याळात अकरा वीस.

"बाई," मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "आधी गुपचूप तपासू या का? निबंधात तो निरोगी भाऊ म्हणून छापलाय."

"फोतिनी, फोन दे इकडे."

वॉर्डला त्या एवढंच म्हणाल्या, "औषध थांबवा. चूक आमची आहे."

पुढचे दोन दिवस मी धड बसले नाही. औषध थांबलं होतं, रोग थांबणार नव्हता. आत्ता दबलाय, कधीही उलटेल, असं वॉर्डचे डॉक्टर तीनदा फोन करून म्हणाले. बाई परका दाता शोधायला देशोदेशी पत्रं पाठवत होत्या, मधेच निबंध छापणाऱ्यांना आपली चूक कळवत होत्या. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

नव्यानं घेतलेल्या रक्ताचा निकाल आला. बिघाड अनेस्तिसमध्येही होता.

बाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं.

"म्हणजे मी दिली असती तर?"

"तोच रोग तिच्या अंगात पुन्हा पेरला असता."

"आणि मला होणार?"

"होईलच असं नाही. होऊ शकतो."

त्यानं हाताचे तळवे उलटून बघितले. मग म्हणाला, "ताईला सांगू नका. सांगा, भाऊ भ्याला, पळाला. ती शिव्या घालेल, तेवढाच अंगात जोर येईल. माझं खरं कळलं तर भिंतीकडे तोंड करून पडेल."

"तुझं गुपित मी फोडणार नाही," बाई म्हणाल्या, "पण खोटंही बोलणार नाही."

"मी बोलते," मी म्हटलं. निस्तरायचं माझंच होतं.

स्तामातिया उशीला टेकून बसली होती. मी पढवल्यासारखं सगळं म्हणून टाकलं.

"भ्याला?" तिनं माझ्याकडे रोखून बघितलं. "मी विहिरीत पडले तेव्हा तो सात वर्षांचा होता. पोहता येत नसताना उडी टाकली मेल्यानं." मग तिनं विचारलं, "त्यालाही आहे ना ते?"

मी खाली वाकून तिची चादर सारखी करायला लागले.

तिनं चादरीनं डोळे कोरडे केले, तोंडावरून हात फिरवला.

"बाहेरच उभा असेल तो. पाठवा त्याला आत. आणि मला कळलंय हे बोलू नका."

त्याला आत पाठवून मी दार ओढून घेत होते, तेवढ्यात आतून तिचा आवाज चढला, "भित्रट कुठला! तोंड दाखवायला लाज नाही वाटली?"

"भ्यालो गं ताई," तो म्हणत होता, "फार भ्यालो."