पासपोर्टवरची कुंदा

आमच्या लग्नाच्या आदल्या दिवशीची माझी बायको गेल्या सोमवारी सकाळी साडेदहा वाजता व्हिसा कार्यालयाच्या तीन नंबरच्या खिडकीपाशी येऊन उभी राहिली. अंगावर पिवळी साडी, कानामागे आणि मानेला हळद, हातात हिरवा चुडा. वय तेवीस. माझ्या शेजारी चाकाच्या खुर्चीत माझी आत्ताची बायको बसली होती, वय चौपन्न, नाकात ऑक्सिजनची नळी. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनीही पदर सारखा केला.

यात चूक माझी होती. लग्नात आमच्याकडे नवरा तांदळाच्या ताटात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. माझं अक्षर चांगलं. भूमापन कार्यालयात बत्तीस वर्षं मी नकाशांवर गावांची नावं घातली आहेत. मी ताटात झोकदार 'मृणाल' लिहिलं, चार बायकांनी वा वा केलं आणि मला वाटलं, झालं काम. ते नाव राजपत्रात छापून आणायचं असतं, हे मला एकतीस वर्षांत कधी सुचलं नाही. बैल गेला नि झोपा केला, तसं मी आता धावत होतो. पासपोर्ट जन्मदाखल्यावरून निघाला, तो कुंदा वामन मराठे या नावानं. दवाखान्याचे सगळे रिपोर्ट मृणाल श्रीनिवास उपळेकर या नावानं. मी व्हिसाच्या अर्जात दोन्ही नावं लिहिली आणि खाली 'दोघी हजर राहतील' अशी छापील ओळ होती, तिच्यावर न वाचता सही केली.

"ह्यांना आजार आहे, पासपोर्ट नाही," खिडकीतल्या गुळवणी मॅडम म्हणाल्या. "आणि ह्यांना पासपोर्ट आहे, आजार नाही. उपचाराला कोण जाणार?"

"दोघी एकच आहेत," मी म्हणालो.

मॅडमनी चष्मा वर करून नीट पाहिलं. "दोन दिसताहेत."

मग त्यांनी दोघींना यंत्रावर बोटं ठेवायला सांगितली. कुंदाची बोटं लगेच उमटली, काचेवर थोडी हळद राहिली. मृणालनं बोटं ठेवली तेव्हा यंत्रानं सांगितलं की इथे कोणीही बोट ठेवलेलं नाही. तिनं पुन्हा ठेवली, मी वरून दाबून धरली. यंत्राचं म्हणणं तेच.

मृणालची फुफ्फुसं घट्ट होत चालली आहेत. घट्ट म्हणजे काय, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, स्पंज वाळतो तसं. नंतर त्यांनी विचारलं, घरात कबुतरं आहेत का? आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत एकोणीस वर्षं कबुतरं आहेत. तो फ्लॅट मी पसंत केला होता, उजेड चांगला म्हणून. ती रोज सकाळी त्यांना मूठभर तांदूळ टाकायची आणि त्यांची घाण खराट्यानं झाडायची. आता तिला बिछान्यापासून न्हाणीघरापर्यंत अकरा पावलं चालताना दोनदा थांबावं लागतं. चहा बशीत ओतला तर फुंकर मी घालतो, कारण तिच्याकडे फुंकरीपुरतासुद्धा वारा उरलेला नाही. परदेशातल्या एका रुग्णालयानं तिला घ्यायचं कबूल केलं होतं. एकोणीस तारखेपर्यंत ती तिथे पोचली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. इथल्या डॉक्टरांनी दुसरा कुठलाच उपाय सांगितला नव्हता. मला ती मरायला नको होती. बाकी कशाशीच मला देणंघेणं नव्हतं.

कुंदा आमच्याबरोबर घरी आली. ती जाणार तरी कुठे? चिपळूणचं तिचं घर विकून वीस वर्षं झाली होती, आणि ते तिला सांगायचं धाडस मला झालं नाही. ती दोन-दोन पायऱ्या एका ढांगेत चढली, बाल्कनीत जाऊन तिनं टाळ्या वाजवून कबुतरं उडवली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हीच होय ते? बघायला आलात तेव्हा केस होते."

"होते."

"आणि एक शब्द बोलला नाहीत. बाबा म्हणाले, गरीब आहे बिचारा."

"अजूनही बोलत नाहीत," मृणाल आतून म्हणाली आणि हसली. हसल्यामुळे तिला चार मिनिटं खोकला आला. कुंदा दारात उभी राहून तो खोकला संपेपर्यंत बघत होती. हळद लागलेला हात तिनं स्वतःच्या छातीवर ठेवला होता.

"वेणी किती जाड होती गं माझी," मृणालला बोलता आलं तेव्हा ती म्हणाली.

मंगळवारी मी प्रतिज्ञापत्र केलं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, असं वकिलानं टाइप केलं आणि शिक्का मारला. खिडकीपर्यंत पोचेस्तोवर कागदावर एकच नाव उरलं होतं, कुंदाचं. गुळवणी मॅडमनी ते ठेवून घेतलं. घरी आलो तर दारावरच्या पाटीवर 'श्रीनिवास' होतं, 'मृणाल' नव्हतं. स्क्रूची भोकंसुद्धा नव्हती.

बुधवारी रेशनकार्डातून ती गेली. लग्नाच्या अल्बमात मी एकटाच अंतरपाटासमोर हार घेऊन उभा होतो आणि भटजी रिकाम्या पाटावर अक्षता टाकत होते. समोरच्या बर्वेकाकू वाटीभर पिठलं घेऊन आल्या. मृणाल आजारी पडल्यापासून त्या रोज काहीतरी आणतात. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "पाहुण्या आल्यात का हो?"

"काकू, मी मृणाल," ती म्हणाली.

"बरं हो," काकू म्हणाल्या आणि पिठलं माझ्या हातात देऊन गेल्या. मी वाटी हातात धरून तसाच उभा होतो. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

गुरुवारी ऑक्सिजनचा सिलिंडर बदलायला माणूस आला नाही. मी दुकानात फोन केला. मृणाल उपळेकर नावाचा पेशंट आपल्याकडे कधीच नव्हता, असं दुकानदार सभ्यपणे म्हणाला. कुंदा मराठेच्या नावावर मागितलं असतं तर मिळालं असतं, पण तिला ऑक्सिजन लागत नव्हता, म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती. घरात एक सिलिंडर होता. त्याचा काटा शुक्रवारी दुपारपर्यंत पुरेल, असं दाखवत होता.

मी धावत खिडकीपाशी गेलो. रांगेतल्या लोकांनी मला पुढे जाऊ दिलं. त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या शेजारी स्वतःचाच आणखी एक माणूस उभा होता, कुणाचा लहानपणचा, कुणाचा दुसऱ्या गावातला.

"मॅडम, पासपोर्टवर मृणाल करून द्या. हात जोडतो."

"पासपोर्ट आमच्याकडे बदलत नाहीत," गुळवणी मॅडम म्हणाल्या. "आमच्याकडे फक्त माणूस बदलून मिळतो. नाव कशात लिहिलं होतं?"

"तांदळात."

"ते तांदूळ आणा."

"ते दुसऱ्या दिवशी डब्यात ओतले. मग भात केला. आम्ही खाल्ला."

त्यांनी ते लिहून घेतलं. "मग नवे आणा. उद्या बारापर्यंत. ताट इथे ठेवायचं, त्याच अंगठीनं, त्याच हातानं 'कुंदा' लिहायचं. पूर्ण झालं की एकच बाई राहील. पासपोर्ट तिचा आणि आजारही तिचा. त्याच दिवशी व्हिसा."

"आणि मृणाल?"

"मधली एकतीस वर्षं ह्या खिडकीला लागू होत नाहीत. तुम्ही बाईंचे कोणी लागणार नाही, त्यामुळे सोबत जाण्याचा तुमचा अर्ज आपोआप रद्द. बघायला आलेला मुलगा, एवढीच त्यांना तुमची ओळख असेल. आमची परिचारिका घेऊन जाईल."

"पण ती बरी होईल?"

"रुग्णालयाच्या पत्रात तसं आहे."

"परत येईल?"

"येतील. कुठे येतील, हा रकाना अर्जात नाही."

घरी येऊन मी दोघींना सगळं सांगितलं. लपवून काय करणार? कुंदा खुर्चीच्या कडेला बसून चुडा वर-खाली करत होती.

"मी मग परत जाणार ना?" तिनं विचारलं. "उद्या माझं लग्न आहे. करू का?"

नको म्हणालो असतो तर ती या बाल्कनीत कबुतरांची घाण झाडायला कधी उभीच राहिली नसती. मी मृणालकडे पाहिलं.

"ह्यांना विचारू नकोस," मृणाल म्हणाली. मग ती श्वासासाठी थांबली. "ह्यांना कोणी काही विचारलं की हे दुसऱ्याच्या सोयीचं उत्तर देतात."

शुक्रवारी सकाळी कुंदानं तांदूळ निवडले. मी लग्नातलं पितळी ताट चिंचेनं घासलं. अंगठी माझ्या बोटातून निघेना, साबण लावून काढली. साडेअकराला आम्ही तिघं खिडकीपाशी होतो. मृणालची खुर्ची मी काउंटरला लावली. सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात होता. गुळवणी मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि काचेखाली शाईचा पॅड आणि व्हिसाचा शिक्का तयार करून ठेवला.

मी तांदूळ सारखे केले आणि 'कुं'चा पहिला फाटा ओढला. मृणालच्या कानामागे पिवळा डाग उठला. मी उकार दिला, तेव्हा तिच्या गळ्यातल्या मंगळसूत्राचे मणी एकेक करून मांडीवर पडू लागले. कुंदा पहिल्यांदाच खोकली आणि काउंटरला धरून उभी राहिली.

"अहो," मृणाल म्हणाली.

"बोलू नकोस. दम लागेल."

"कुंदाला तुम्ही आवडला नव्हतात." ती थांबली. "मला तीन महिने लागले. श्रावणात कुठे आवडायला लागलात."

"पुन्हा आवडेन," मी म्हणालो. "केस नाहीत आता, पण आवडेन." ताटातला उकार वाकडा आला होता. बत्तीस वर्षांत माझी एकही रेघ हलली नव्हती.

"पत्ता कुठे असणार आहे तिच्याकडे तुमचा?"

मी अनुस्वार द्यायला अंगठी टेकवली. मृणालनं नाकातली नळी काढली, दोन्ही हातांनी ताटाची कड धरली, वाकली आणि फुंकर घातली. तांदूळ उडाले. काचेवर, गुळवणी मॅडमच्या पॅडवर, कुंदाच्या पिवळ्या साडीवर तांदूळ पडले. ताटात अक्षर उरलं नाही. मांडीवरचे मणी पुन्हा दोऱ्यात चढले. मृणालचे ओठ जांभळे झाले होते, आणि ती माझ्याकडे ओळखीच्या डोळ्यांनी बघत होती.

"बाराला पाच कमी," गुळवणी मॅडम म्हणाल्या.

मी नळी तिच्या नाकात बसवली, तांदूळ तळहातानं पुन्हा सारखे केले आणि 'कुं' काढला. तिनं नळी काढली. तिनं फुंकर घातली. मी पुन्हा सारखे केले. कुंदा खाली बसून सांडलेले दाणे ओंजळीनं ताटात परत टाकत होती. मी 'कुं' काढला. मृणालनं छाती भरून श्वास घेतला, एवढा श्वास तिच्यात आहे हे मला दोन वर्षांत कळलं नव्हतं, आणि ती ताटावर वाकली.