बाळंतिणीचे तेल

सकाळी अकराच्या सुमारास घंटा वाजली, तेव्हा मी नेहमीप्रमाणे आधी कपाटाकडे गेले. ब्लाउजच्या डाव्या बाजूत कापसाची छोटी उशी बसवली, विरळ केसांवरचा रुमाल कानांवरून घट्ट बांधला आणि मगच दार उघडले. शस्त्रक्रियेत डावा स्तन काढला त्याला आठ महिने झाले होते. शेवटच्या उपचाराला तीन. ती बाजू रुग्णालयाबाहेर कुणीही पाहिली नव्हती. माझ्या नवऱ्याने, नंदकुमारांनीही नाही. ते मागत नव्हते, मी दाखवत नव्हते. आमची ही परस्परांविषयीची सभ्यता भिंतीवरच्या ओल्या गिलाव्यासारखी हळूहळू टणक होत चालली होती.

दारात हिरव्या लुगड्यातली थोराड बाई उभी होती. "घणसोली गावातली सगुणा मी. मालिशला आले."

नंदकुमार बरेच दिवस म्हणत होते, कुणाकडून तरी पाठ चोळून घे. डॉक्टरांचीही हलक्या हाताला हरकत नव्हती. नंदकुमारांनीच हिला पाठवले असणार, असे मी धरून चालले.

तिने वाटीत तेल कोमट केले, गॅलरीतल्या उन्हात पाट मांडला, कठड्यावर जुनी चादर आडवी टाकली.

"डाव्या हातावर जोर नको," मी म्हणाले.

"बरं, बाय. तू निसती बस."

तिने तळव्यांपासून सुरुवात केली. मग पोटऱ्या, मग पाठ. खरखरीत, मोठे, घाई नसलेले हात. शेजारी कुकरची शिट्टी झाली, खाडीकडून खारट वारा आला, आणि पाठीचा एकेक मणका आपले नाव आठवावे तसा जागा होत गेला. इतक्या महिन्यांत मला लागलेला प्रत्येक हात काहीतरी शोधत होता: शीर, ताप, गाठ. हा हात काहीही शोधत नव्हता.

"पोर निजलंय वाटतं?" तिने विचारले.

मी गुंगीत होते. "कुठलं पोर?"

"आता पुढं लावते. दूध बरं उतरल."

मी वळेपर्यंत तिने सराईतपणे हूक काढला होता. उशी घसरली आणि थेट तेलाच्या वाटीत पडली.

मी पदर ओढून घेतला. सगुणा उशीकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे.

"पाच नंबरची इमारत ना ही?"

"सहा."

"मेल्यांनी सगल्या एकसारख्याच बांधल्यात! कानाला रुमाल बांधलेला, तोंड उतरलेलं. मला वाटलं, तूच बाळंतीन."

तिने उशी पिळली आणि कठड्यावर ठेवली. "वालू दे." मग, आवाज जराही न बदलता, "बगू?"

नको म्हणणे सोपे होते. तिचे चुकून आलेले पाऊल तसेच परत गेले असते, आणि संध्याकाळी मी कुणालाच काही सांगितले नसते. पदर मुठीत किती वेळ होता, आठवत नाही. मी तो सोडला.

तिने वाकून पाहिले. "शिवन सरल हाय. दुखतंय?"

"नाही. तिथं काही कळतच नाही."

"मंग तिथं नको. भवताली लावते."

व्रणाच्या काठाकाठाने तिची बोटे शेताच्या बांधावरून चालावे तशी सावकाश गेली.

"ती बाळंतीण वाट बघत असेल, सगुणाताई."

"थांबल. पोर काय पलून जातंय?"

मी हसले. बरगड्यांपासून, मोठ्याने.

"तुमचे हात फार खरखरीत आहेत हो. पण बरं वाटतं."

"भाताच्या लावनीचं हात हे. शेता इमारतींखाली गेली, हात ऱ्हायले." तिने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. "शुक्करवारी येते. इमारत ध्यानात ऱ्हायल आता."

ती गेल्यावर मी दोन बादल्या ऊन पाण्याने न्हाले, गवती चहा घालून चहा केला आणि तो थंड होऊ न देता प्यायले. दुपारी स्वप्नाशिवाय झोपले.

सहाला घंटा वाजली. मी कपाटाकडे दोन पावले गेले. मग आठवले, उशी अजून कठड्यावरच होती, तेलकट, चपटी, एका चिमणीने टोचलेली. मी तशीच दाराकडे गेले.

बेलापूरच्या कचेरीतून आलेले नंदकुमार उंबरठ्यावर थबकले. नजर क्षणभर खाली गेली, पुन्हा वर आली.

"तेलाचा वास येतोय. कोण आलं होतं?"

"बाळंतिणीची मालिशवाली. तुम्हीच पाठवलीत असं वाटलं मला."

"मी?" ते गोंधळले, मग त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "मग बाळ कुठंय?"

"पाच नंबरात." मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. "वाटीत थोडं तेल उरलंय, अहो. हात धुऊन या."