ताईच्या अंगात आलं तेव्हा

जळगावात माझं मेडिकल आहे. काउंटरवर मी किती खाष्ट आहे ते गल्लीत कुणालाही विचारा. झोपेची गोळी मागायला कुणी चिठ्ठीशिवाय आलं, की मी अशी झापते की पुन्हा तो पायरी चढत नाही. आणि याच बाईनं सख्ख्या बहिणीला दोन वर्षं त्याच गोळ्या पुरवल्या. लाज वाटते सांगायला, पण सांगते.

सारिकाताई शिंदखेड्याला दिलेली. गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं, झोप उडाली, डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. दहा दिवस संपले आणि तिचा फोन आला, "हेमा, तुझं तर दुकानच आहे गं. एक पाकीट दे पाठवून." दिलं. बहिणीला काय चिठ्ठी मागायची? पुढे एकाची दोन झाली, दोनाची चार. भाऊजींना कळू नये म्हणून मी गोळ्या डब्यात घालून वर चिवडा पसरायची. औषध लपवून का पाठवतेय मी, एवढं तरी तेव्हा मनात यायला हवं होतं की नाही?

फोनवर तिची जीभ जड व्हायची. एकच गोष्ट एका दिवसात तीनदा सांगायची. दूध उतू जाऊन पातेलं जळालं, मोरीत पडली, कपाळाला टेंगूळ आलं. भाऊजी म्हणाले, "तुमची बहीण दिवसभर लोळते." आणि मी, फार्मसी शिकलेली शहाणी, तिलाच बोलले, "ताई, आळस झटक जरा!"

श्रावणातल्या रविवारी त्यांच्याकडे कानबाई बसली. देवीसाठी सगळे भाऊबंद जमलेले, नैवेद्याच्या रोटाच्या स्वयंपाकाची धांदल, ताईला सकाळपासून उपास. मी संध्याकाळी पोचले. आरती चालू असताना ताई डुलायला लागली. डोळे अर्धे मिटलेले, केस सुटलेले, तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. तिची सासू भिकुबाई ओरडली, "माय उनी वं! बठ्ठा पाय पडा!" डफ जोरात वाजायला लागला. बायका तिच्या पायावर डोकं ठेवू लागल्या. कुणी लेकीचं लग्न कधी जमेल ते विचारलं, कुणी नवऱ्याचं दुखणं सांगितलं.

मला पाहताक्षणी कळलं. अंगात आलेल्या बाया मी लहानपणापासून पाहिल्यात. त्यांचं अंग ताठतं, आवाज चढतो. ताई तर ओल्या फडक्यासारखी खाली घसरत होती. मला बोलायचं होतं. पण बोलले तर पहिला प्रश्न काय येणार? गोळ्या दिल्या कुणी? म्हणून मी वाकले आणि तिच्या पायाला कुंकू लावलं. देवा रे, मीसुद्धा पाया पडले!

ताई बसल्या जागी कलंडली. मी पुढे झाले तर भिकुबाईंनी अडवलं. "तिले हात नका लावा, माय शे आंगमा." सगळे मागे सरकले आणि भक्तीनं बघत राहिले. मी तिच्या छातीकडे बघत होते. श्वास हळू होत चालला, घशात घरघर सुरू झाली. तरी मी उभीच. एक आरती संपली, दुसरी सुरू झाली. तिचे ओठ काळेनिळे दिसायला लागले, तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं.

"बंद करा तो डफ! अंगात नाही आलं तिच्या! झोपेच्या गोळ्या आहेत त्या, आणि मी दिल्यात!"

भिकुबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.  भाऊजींनी ताईला उचलून गाडीत घातलं. धुळं येईपर्यंत मी मागच्या सीटवर तिला कुशीवर धरून "ताई, श्वास घे गं, श्वास घे" म्हणत होते.

वाचली. डॉक्टर म्हणाले, "आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं." तो उशीर कुणी केला ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. किती गोळ्या, किती महिने, सगळं सांगितलं. ते म्हणाले, या एकदम बंद करूनही चालत नाही, आमच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्या लागतील, आणि कुणी परस्पर एकही द्यायची नाही. भाऊजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "ऐकलंत ना?"

तिसऱ्या दिवशी ताई नीट शुद्धीवर आली. माफी कशी मागायची ते मी रात्रभर मनात जुळवत बसले होते. भाऊजी चहा आणायला गेले तशी तिनं दाराकडे पाहिलं आणि हात धरून मला जवळ ओढलं. 

"हेमा, पाकीट आणलंस?"

"नाही ताई. आता नाही देणार."

"एक तरी दे गं. कुणाला नाही सांगत."

"नाही."

दोन वर्षांत मी तिला पहिल्यांदाच नाही म्हटलं. तिनं माझा हात सोडला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मग आलीस कशाला?"